ऑडिशनला काय वाजवावं

चि. सोनू,


संगीतसंस्थांच्या पियानो-ऑडिशनसाठी तू केलेली यादी मिळाली. ताईने आधीच फोनवर बजावलं होतं, "पोरीने काहीतरी भलतंच अवघड काढलंय, तू जरा बघ." तरी मी एवढ्याची तयारी ठेवली नव्हती. बाखची पाच आवाजांची सी शार्प मायनर फ्यूग, बेथोव्हनचा 'अपॅशनाटा', शोपाँचा जी मायनर बॅलाड, थर्ड्सचा एट्यूड आणि या सगळ्यावर राव्हेलचं 'स्कार्बो'. यादीवरून तू ऐकतेस काय ते मला नीट कळलं. तू वाजवतेस कशी ते मात्र त्यात कुठेच दिसत नाही, आणि ऑडिशनला तेवढंच दिसायला हवं असतं.

तुझ्या बाईंनी तुला सातव्या वर्षापासून घडवलंय. माझं सगळं वाचून झाल्यावर हे पत्र त्यांना दाखव, त्यांचा शब्द शेवटचा. मी इथे लंडनमध्ये दरवर्षी चार-दोन मुलांना ऑडिशनसाठी तयार करते, दोन-तीनदा टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसले आहे, म्हणून अधिकार सांगते इतकंच.

आधी पलीकडे कोण बसतं ते समजून घे. ग्रेडच्या परीक्षेला ट्रिनिटीचा किंवा एबीआरएसएमचा परीक्षक येतो. त्याच्यापुढे छापील निकष असतात, तो गुण मांडतो, सर्टिफिकेट घरी येतं, विषय संपला. ऑडिशनला समोर बसलेले तिघं-चौघं त्याच संस्थेतले शिक्षक असतात आणि त्यांच्यातलं कुणीतरी पुढची चार वर्षं दर आठवड्याला तुझ्या शेजारी खुर्ची टाकून बसणार असतं. त्यामुळे ते गुण मोजत बसत नाहीत. हिचा कान कसा आहे, सांगितलं तर ही बदलेल का, हिच्यात वाढायला जागा किती, हे ते ऐकत असतात. दिवसभरात त्यांनी वीस-पंचवीस मुलं ऐकलेली असतात. 'हिने किती अवघड पीस आणलाय' याने त्यांचे डोळे विस्फारत नाहीत. त्यांच्यातल्या प्रत्येकाने तो पीस स्वतः वाजवलेला आणि डझनभर विद्यार्थ्यांकडून घोटून घेतलेला असतो. कुठल्या पानावर पोरं घसरतात हे त्यांना तोंडपाठ असतं.

तुझ्या जी मायनर बॅलाडचंच बघ. सुरुवात सुंदर, गोष्ट सांगितल्यासारखी. मधली उसळीही तुला जमेल. पण शेवटी 'प्रेस्टो कॉन फुओको' येतं, ती दोन-तीन पानं. समोरचे शिक्षक पहिल्या सुरापासून मनात त्या पानांशी जाऊन बसलेले असतात. तूही आठ मिनिटं तिथेच असतेस, आणि हे वाजवण्यात ऐकू येतं: त्या कोडाच्या अलीकडचं पान हळूहळू आखडत जातं, खांदे वर येतात, पेडल लांबतं. पुढे काय होणार आहे याची भीती बाळगून वाजवलेला पीस कितीही बरोबर असला तरी ऐकणाऱ्याला ती भीतीच ऐकू जाते. वाईट दिवशी, परक्या पियानोवर, सकाळी नऊ वाजता, गार हातांनी जो पीस तू तुझ्या नेहमीच्या दर्जाच्या जवळपास वाजवू शकशील, तोच ऑडिशनचा पीस. चांगल्या दिवशी घरी जमतो तो नव्हे. माझं सगळं सांगणं या एका कसोटीत आलं, पुढचं सगळं तिचाच विस्तार.

नियम आधी बघू, ते कंटाळवाणे आहेत पण त्यांच्यामुळेच अर्ज बाद होतात. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या संस्थांची मागणी साधारण एकाच धाटणीची असते: बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर'मधलं एक प्रेल्यूड आणि फ्यूग, हायडन-मोत्सार्ट-बेथोव्हनपैकी कुणाचा तरी एक पूर्ण सोनाटा, एकोणिसाव्या शतकातला एक भरीव पीस, एक-दोन एट्यूड, आणि बऱ्याच ठिकाणी विसाव्या-एकविसाव्या शतकातलं काहीतरी. सगळं पाठ. 'पूर्ण सोनाटा' म्हणजे पूर्णच, तीन किंवा चार असतील तितक्या सगळ्या मूव्हमेंट्स. बेथोव्हनच्या ३२ सोनाटांपैकी ओपस ४९ चे दोन आणि ओपस ७९ बऱ्याच ठिकाणी सोपे म्हणून वगळलेले असतात. शोपाँच्या एट्यूडांत ओपस १० मधला तिसरा आणि सहावा, ओपस २५ मधला सातवा, हे तीन संथ म्हणून बहुधा चालत नाहीत. आधी डिसेंबरच्या सुमाराला रेकॉर्डिंग मागतात, त्यातून निवडलेल्यांना जानेवारी ते मार्चमध्ये प्रत्यक्ष बोलावतात. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या बहुतेक कन्झर्व्हेटॉयरांचा अर्ज 'युकास'मार्फत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच भरावा लागतो. गिल्डहॉलचा मात्र थेट त्यांच्याकडे. इथे कार्यक्रम छोटा असतो आणि निवड बरीच तुझ्यावर सोडलेली, म्हणून ते सोपं वाटतं. प्रत्यक्षात तीच जास्त उघडी पाडणारी परीक्षा आहे. जर्मनीत प्रवेशपरीक्षा बहुधा उन्हाळ्यात, आणि तिथे पियानोबरोबर थिअरी आणि कानाची परीक्षाही कसून घेतात. तिकडे बहुतेक सरकारी संस्थांत शिक्षणशुल्क जवळपास नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. फिलाडेल्फियाच्या कर्टिसमध्ये १९२८ पासून कुणाकडूनच शिकवणीची फी घेत नाहीत, त्यामुळे तिथे किती गर्दी असते ते तुला सांगायला नको.

प्रत्येक संस्थेचं पान स्वतः वाच, सगळ्यांच्या अटी एका कागदावर उतरव आणि सगळीकडे चालेल असा एकच कार्यक्रम बांध. तीन देशांसाठी तीन याद्या करू नकोस. बारावीचा अभ्यास आहे तुझा.

आता एकेक पीस.

बाखपासून सुरू करू, कारण मुलं तो सगळ्यात शेवटी निवडतात. आधी बाकीची आवडती मंडळी गोळा करतात आणि मग 'बाख काहीतरी टाकूया'. समोरच्या शिक्षकांपैकी निदान एक जण तरी तुझ्याबद्दलचं मत बाखवरूनच बनवतो. एका वेळी तीन-चार आवाज चाललेत, त्यातला प्रत्येक तुला ऐकू येतोय का, की तू नुसत्या पट्ट्या दाबतेस, हे दुसऱ्या कशात इतकं लपवता न येणारं नाही. तू निवडलेली सी शार्प मायनर १७२२ च्या पहिल्या भागातली. पाच आवाज, ११५ बार, पुढे जाऊन आणखी दोन विषय येऊन मिळतात. ही फ्यूग मला स्वतःला प्राणाहून प्रिय आहे आणि म्हणूनच तू ती आत्ता वाजवू नयेस असं वाटतं. दुसऱ्या टोकाला जाऊन पहिल्या भागातली ई मायनरही घेऊ नकोस. दोन्ही भागांत मिळून दोनच आवाजांची ती एकुलती एक फ्यूग आहे, आणि कुणी ती आणली की परीक्षक ओळखतात की पोरीने पळवाट काढली.

तू दहावीच्या सुट्टीत पहिल्या भागातलं जी मायनर केलं होतंस. ते काढ. चार आवाज आहेत, लांबी बेताची आहे, आणि प्रेल्यूडचा पहिलाच सूर लांबलचक ट्रिलचा. तो ट्रिल ऐकून तुझ्या हाताची सगळी कुंडली मांडता येते. ट्रिल मोजून वाजवला की शिवणयंत्र चालू होतं, खाली डावा हात काय म्हणतोय ते ऐकत वाजवला की तो श्वास घेतो. आणि कृपा करून बाखची इंटरनेटवरून उतरवलेली जुनी प्रत बाजूला ठेव. फुकट मिळणाऱ्या त्या प्रतींत बऱ्याचदा चेर्नीची आवृत्ती असते. तिच्यातल्या जोर-हळूच्या खुणा, टेंपो, स्लर हे चेर्नीचं मत आहे, बाखने त्यातलं काहीही लिहिलेलं नाही. निळ्या कव्हरची हेन्ले किंवा बेरेनरायटरची ऊर्टेक्स्ट प्रत घे. महाग आहे, ताईला सांग माझ्याकडून वाढदिवसाची भेट.

सोनाट्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, सहन कर.

'अपॅशनाटा' तुला वाजवता येणार नाही असं मी म्हणत नाही. सूर सगळे लागतील. पण तुझा पंजा लहान आहे, नववा सूर तू ओढूनताणून गाठतेस, आणि त्या सोनाट्यात मोठा आवाज काढायचा म्हणून तू मनगट घट्ट करशील. नऊ फुटी ग्रँडवर मोठा आवाज जोर लावून येत नाही, हाताचं वजन सोडून येतो. हे तुला अजून पुरतं बसलेलं नाही. त्याऐवजी ओपस १० चा तिसरा, डी मेजर. १७९८ मध्ये छापला गेला, बेथोव्हन तेव्हा सत्तावीस वर्षांचा. याची पहिली मूव्हमेंट तू डिप्लोमासाठी केलेली आहेस. दोन्ही हात एकत्र, चार सूर खाली उतरत जातात, डी, सी शार्प, बी, ए, आणि अख्खी मूव्हमेंट त्या चार सुरांतून उभी राहते. तुला तो खट्याळपणा छान जमतो.

पण हा सोनाटा मी सुचवतेय तो दुसऱ्या मूव्हमेंटसाठी. 'लार्गो ए मेस्टो', डी मायनर. अतिशय संथ, दुःखी, आणि बेथोव्हनने तरुणपणी लिहिलेल्या संथ संगीतात मला तरी याच्या तोडीचं दुसरं दिसत नाही. परीक्षकांना वाटलं तर ते पहिल्या मूव्हमेंटमध्ये दीड मिनिटात थांबवतील आणि म्हणतील, "लार्गो ऐकू या." तेव्हा बोटांचा वेग काही कामाचा नसतो. पियानोचा सूर दाबला त्या क्षणापासून विरत जातो, त्याला व्हायोलिनसारखा फुगवता येत नाही. त्यामुळे संथ स्वरवाक्यात पुढचा सूर किती जोराने घ्यायचा हे आधीचा सूर किती उरलाय त्यावर ठरतं. आधीचा सूर जिथे येऊन पोचलाय तिथेच पुढचा उचलायचा, नाहीतर ओळ तुटते आणि सुटे सूर ऐकू येतात. हे कागदावर लिहिलेलं नसतं, कानाने दर वेळी नव्याने ठरवायचं असतं, आणि प्रत्येक पियानोवर, प्रत्येक खोलीत वेगळं येतं. तुझ्या घरच्या डिजिटल पियानोवर हा सराव पूर्ण होऊ शकत नाही, कारण तिथला सूर यंत्राने साठवलेला आहे, तो दर वेळी जवळपास एकाच चालीने विरतो. लार्गोसाठी आठवड्यातून दोनदा बाईंच्या अपराइटवर बस. लार्गोच्या शेवटाकडे स्वरांपेक्षा विराम जास्त आहेत, तिथे पेडल सोडायला घाबरू नकोस. शांतता रिकामी वाटली की मुलं पेडलने ती भरून काढतात, तसं करू नकोस.

लांबी हा एकच प्रश्न आहे. चारही मूव्हमेंट्स धरल्या तर वीस मिनिटांच्या वर जातं. बाईंना जास्त वाटलं तर हायडनचा ई मायनर घे, होबोकेन सोळामधला चौतिसावा. छोटा, चटपटीत, आणि मोत्सार्टइतका निर्दयही नाही. मोत्सार्ट मी तुला मुद्दाम सुचवत नाही. ए मायनर, के ३१०, अप्रतिम आहे, पण मोत्सार्टमध्ये एखादा सूर जरा जाड पडला तरी तो अख्ख्या सभागृहाला दिसतो. हायडनकडे मुलं बघतच नाहीत, त्यामुळे तो आणला की समोरची माणसं खुर्चीत सरसावून बसतात. त्याचा विनोद कळायला हवा एवढंच, आणि तुला तो कळतो.

बॅलाड हवाच असेल तर तिसरा घे, ए फ्लॅट, ओपस ४७, १८४१ चा. जी मायनरसारखा जीवघेणा कोडा यात नाही, पण डाव्या हाताची खळबळ वाढत जाऊन मूळ स्वरवाक्य परत येतं तिथे पुरेशी परीक्षा आहे. आणि सुरुवात 'मेझा व्होचे', अर्ध्या आवाजात. मला वाटतं तू ऑडिशनची सुरुवात याच पीसने करावीस. बहुतेक ठिकाणी पहिला पीस तुला निवडू देतात, पुढचे ते सांगतात. मुलं एट्यूडने सुरू करतात, दणका द्यायचा म्हणून, आणि गार बोटांनी पहिल्या पानातच अडखळतात. काही जण फ्यूगने सुरू करतात आणि पाठांतर घाबरून पळतं. बॅलाडची पहिली ओळ मात्र घाई न करता, पियानो कसा बोलतो ते ऐकत वाजवता येते. तीस सेकंदांत त्यांना तुझा आवाज कळतो, तुला त्यांचा पियानो कळतो.

एट्यूड. ओपस २५ चा सहावा, थर्ड्सचा, उजव्या हाताने दोन-दोन सूर एकदम पळवायचे. नीट बसायला वर्ष-दीड वर्ष लागतं, घाईने बसवला तर कोपरापर्यंत दुखायला लागतं. डिसेंबरपर्यंत हे शक्य नाही आणि हात दुखावून घ्यायचं काही कारण नाही. ओपस १० चा पहिला, सी मेजर, लहान पंजाला त्रासदायक. आठवा घे, एफ मेजर. उजवा हात वरखाली सळसळत राहतो आणि गाणं डाव्या हातात असतं. तो तुझ्या हाताच्या मापाचा आहे. उजव्या हाताकडे सगळं लक्ष जातं आणि डाव्यातलं गाणं मुलं विसरतात, तेवढं तू विसरली नाहीस तर तेवढ्यानेच तू वेगळी दिसशील.

'स्कार्बो'बद्दल काय बोलू! राव्हेलने १९०८ मध्ये ते लिहिलं तेच मुळी बालाकिरेव्हच्या 'इस्लामे'पेक्षा अवघड काहीतरी करायचं असं ठरवून. पण अवघडपणा सोडून दे. त्यात एकच सूर झपाझप पुन्हापुन्हा वाजवायचा असतो. ग्रँड पियानोत पट्टी पुरती वर यायच्या आधीच सूर परत वाजवता येतो, एरारने १८२१ मध्ये काढलेल्या यंत्रणेमुळे. अपराइटमध्ये ती यंत्रणा नसते, पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावीच लागते. म्हणजे बाईंच्या ज्या अपराइटवर तू सराव करणार, त्यावर हा पीस यांत्रिकदृष्ट्याच बसवता येत नाही, आणि पावसाळ्यात पट्ट्या फुगून चिकटायला लागल्या की विचारायलाच नको. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलांनी पीस निवडताना हा विचार पहिल्यांदा करायला हवा आणि तो कुणी सांगत नाही: जो पीस सरावाच्या वाद्यावर घोटता येतो तोच निवडावा.

विसाव्या शतकासाठी माझं मत बार्टोकच्या 'स्वीट' ओपस १४ ला. १९१६ ची, चार छोट्या मूव्हमेंट्स, सगळं मिळून दहा मिनिटांच्या आत. तिसरीत बार्टोकने १९१३ मध्ये अल्जीरियात बिस्क्राला जाऊन ऐकलेल्या संगीताची छाया आहे, ती ऐकताना तुला नाचावंसं वाटेल. चौथी मात्र संथ, आणि संपताना कुणीतरी खोलीतून निघून गेल्यासारखी संपते. वेगवान शेवट करून टाळ्या मिळवायच्या सवयीच्या अगदी उलट. हिनास्तेराची 'दान्सास अर्खेन्तीनास' तुझ्या मैत्रिणीने सुचवली आहे, वाईट नाही, पण ती सगळेच वाजवतात.

तुझ्या पत्रातला एक प्रश्न मला आवडला. भारतीय म्हणून काही भारतीय वाजवावं का? वनराज भाटिया आपल्याला 'मंथन', 'भूमिका'मुळे माहीत, पण ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजेकडे शिकले होते. सोराबजी तर मुंबईच्या पारशी वडिलांचा मुलगा, इंग्लंडमध्ये वाढलेला, त्याचं 'ओपस क्लाव्हिचेम्बालिस्टिकुम' वाजवायला चार तासांच्या आसपास लागतात, म्हणजे तुझ्या ऑडिशनच्या दिवशी बाकी कुणाचा नंबर लागणार नाही. थट्टा सोड. एखादा पीस तुला मनापासून आवडत असेल तर जरूर वाजव. पण रागाच्या छटेचा एखादा तुकडा केवळ पासपोर्ट दाखवल्यासारखा कार्यक्रमात घालू नकोस. समोरच्यांना ते लगेच कळतं.

तुझ्या आजोबांना विचार, सवाई गंधर्वला एखाद्या नव्या गवयाने पहिल्याच वर्षी अनवट राग काढला की जाणकार आपसात काय बोलतात. यमन मांडला असता तर गळा कळला असता, एवढंच बोलतात. हे तुला घरातच ऐकायला मिळेल, मी लांबून सांगण्यापेक्षा ते बरं.

आता वेळेचं गणित. ऑडिशनच्या दिवशी कुठलाही पीस सहा महिन्यांपेक्षा कोवळा नसावा, आणि निदान दोन तरी एकदा बसवून, मध्ये महिनाभर बाजूला ठेवून, परत काढलेले असावेत. बाजूला ठेवलेला पीस परत काढताना ज्या जागा विसरल्या असतात त्या खरं तर कधी पाठ झालेल्याच नव्हत्या, बोटं आपोआप जात होती एवढंच. म्हणून आज जूनमध्ये जे ठरेल तेच ठरेल. बाख आणि सोनाट्याची पहिली मूव्हमेंट तुझी झालेली आहे. नवीन म्हणजे लार्गो आणि उरलेल्या दोन मूव्हमेंट्स, बॅलाड, एट्यूड, बार्टोक. तेवढं पुष्कळ आहे.

पाठांतराची फार धास्ती घेतलीस असं ताई म्हणाली. क्लारा शूमानने एकोणिसाव्या शतकात कार्यक्रमात पाठ वाजवायला सुरुवात केली तेव्हा लोकांना तो आगाऊपणा वाटला होता, आता न वाजवणं चुकीचं ठरतं, काळाचा महिमा. एक कर: प्रत्येक पीसमध्ये आठ-दहा जागा अशा ठरव की जिथून तू डोळे मिटून सुरू करू शकशील. फ्यूगमध्ये तर प्रत्येक वेळी विषय येतो तिथून. रोज एका पीसची कुठलीही एक जागा बाईंनी किंवा ताईने सांगायची, तिथून वाजवायचं. अडखळलीस तर मागे जायचं नाही, पुढच्या जागेवर उडी मारायची. परीक्षकांना अडखळणं खुपत नाही, मागे जाऊन दुरुस्त करणं खुपतं.

रेकॉर्डिंगसाठी मोबाइल चालतो, पण कॅमेरा उजव्या बाजूने असा ठेव की पट्ट्या, दोन्ही हात आणि चेहरा एकत्र दिसेल. प्रत्येक मूव्हमेंट सलग, मध्ये कापाकापी नाही, ती कळते आणि अर्ज तिथेच संपतो. पियानो चांगला असला पाहिजे. ओळखीतला ग्रँड शोध, चर्चमध्ये विचार, कुठल्या तरी हॉलमध्ये तासाच्या भाड्याने मिळतो का बघ. ट्यूनरला आदल्या दिवशी बोलव, त्याच दिवशी नको. आणि तारीख जपून धर. इंग्लंडच्या अर्जासाठी रेकॉर्डिंग लागलं तर गणपती आणि नवरात्राच्या मधल्या पंधरवड्यात उरकून टाक. पुण्यात वर्षभरात स्पीकर नसलेला पितृपक्षासारखा काळ नाही. शुभ-अशुभ आजी बघेल, तू डेसिबल बघ.

नोव्हेंबरपासून दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी, परक्या पियानोवर, निदान तीन माणसांपुढे पूर्ण कार्यक्रम वाजवायचा. गोव्याला मामाकडे गेलीस तर तिथेही. त्याच्या शेजाऱ्यांकडे जुना पियानो आहे, काही पट्ट्या बसलेल्या आहेत, उत्तम सराव होईल. ऑडिशनला मध्येच "थँक यू" म्हणून थांबवतील, पहिल्याच पानावर थांबवतील कदाचित. त्याचा अर्थ चांगला किंवा वाईट असा काही काढू नकोस, त्यांना हवं ते ऐकून झालेलं असतं आणि बाहेर आणखी वीस मुलं बसलेली असतात. उठताना तोंड पाडू नकोस एवढंच.

बाईंनी यातला एखादा पीस बदलायला सांगितला तर बदल, मला विचारायची गरज नाही. 'स्कार्बो' ठेवायला सांगितलं तर मात्र मला फोन लावून दे, मी त्यांच्याशी बोलते. सगळ्या संस्थांच्या अटींचा तो कागद या आठवड्यात कर आणि त्याचा फोटो मला पाठव. आणि रविवारपर्यंत लार्गोचं पहिलं पान, बाईंच्या अपराइटवर, कितीही कच्चं असलं तरी, रेकॉर्ड करून पाठव.

आजीला नमस्कार, ताईला प्रेम.

तुझी,
मावशी